दुसरं टिंब

अँब्रोज थर्कल यांनी आयुष्यभर काय केलं, असं कुणी विचारलं तर मी सांगते, टिंबं दिली. थट्टा नाही करत. केंब्रिजच्या कॉलेजात खोली, खाली बाग, दोन वेळचं आयतं जेवण, आणि काम काय, तर अक्षरांच्या डोक्यावर टिंबं द्यायची. माझा नवरा जन्मभर भट्टीपाशी घाम गाळतोय, पण गावात टोप्या उतरायच्या त्या थर्कलांसाठी. पाव सगळ्यांना कळतो ना, म्हणून त्याचं कौतुक नाही.

टिंबांची भानगड माझ्या धाकट्या बहिणीने, टॅबिथाने, मला पीठ मळता मळता समजावली होती. एखादी गोष्ट बदलत असेल तर तिच्या अक्षरावर एक टिंब द्यायचं, म्हणजे तो तिच्या बदलण्याचा वेग. दोन टिंबं दिली की त्या वेगाचाही वेग. ही न्यूटनसाहेबांची रीत. समुद्रापलीकडचे लोक टिंब देत नाहीत, अक्षराआधी ‘डी’ लिहितात. ती रीत एका जर्मनाची. हे आधी सुचलं कुणाला, यावरून दोघांचं वाजलं. दोघेही कधीचे मातीत गेले, पण आमचे गणिती शंभर वर्षं फुरंगटून बसले ते बसलेच. डी लिहिला तर म्हणे इंग्लंडचं नाक कापलं जाईल! तिकडे डीवाल्यांनी चंद्र काय, ग्रह काय, सगळं गणितात बसवलं, आणि इकडे ही मंडळी टिंबं कुरवाळत राहिली.

थर्कल तर त्यातलेही अर्क. तरुणपणी विद्यापीठाच्या परीक्षेत नववे आले होते. ते नववेपण त्यांनी जन्मभर पुरवून खाल्लं. एकच ग्रंथ लिहायचा, आणि त्यात टिंबांनीच असं काही सिद्ध करायचं की फ्रेंचांनी शरमेने आपले डी पुसून टाकावेत, असा त्यांचा बेत होता.

“मिसेस हेलॉक,” ते आमच्या पावाच्या दुकानात उभे राहून मला ऐकवायचे, “टिंब म्हणजे इंग्रजी मन. छोटं, स्वच्छ आणि आपल्या जागेवर.”

“होय साहेब,” मी म्हणायचे. “मनुक्यांचा बन देऊ का?”

टॅबी त्यांना भेटली ती दुकानातच. बायकांसाठी दरवर्षी निघणाऱ्या पंचांगात गणिताची कोडी यायची, ती टॅबी पाव विकता विकता सोडवायची. थर्कल चूक काढायला म्हणून वाकले, आणि चूक काही सापडेना. दुसऱ्या दिवसापासून स्वारी रोज हजर. कॉलेजात पाव पानात पडत होता, तरी! वर्षाच्या आत त्यांनी तिला लग्नाचं वचन दिलं. तेव्हा ती बावीसची होती.

पण कॉलेजात फेलो म्हणून राहायचं तर लग्न करायचं नाही, असा नियम. लग्न करायचं तर खोली सोडायची आणि कॉलेजच्या हातातल्या एखाद्या गावच्या चर्चमधली जागा रिकामी झाली की तिथे पाद्री म्हणून जायचं. असं चर्च दोनदा चालून आलं. दोन्ही वेळा थर्कल म्हणाले, “आधी ग्रंथ होऊ दे.” टॅबीची एक्केचाळिशी आली. लग्नासाठी शिवून पेटीत ठेवलेल्या चादरी घड्यांवर पिवळ्या पडल्या.

आणि तोवर ती करत काय होती? माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यांचा ग्रंथ सुवाच्य अक्षरात उतरवत होती. मूळ कागदांनी साहेब पाइप पेटवायचे. “तुझं अक्षर असताना माझं कशाला ठेवायचं?” असं एकदा म्हणाले, तर आमची वेडाबाई आठवडाभर लाजत होती.

अखेर एकदाचा ग्रंथ झाला. त्याच उन्हाळ्यात हॅडनफेनचं चर्च रिकामं झालं. मागे नाशपातीची झाडं असलेलं ऐसपैस घर होतं तिथे. सप्टेंबरअखेर होकार कळवायचा आणि लगेच लग्न. ग्रंथ छापखान्यात गेला, छापलेली पानं ताडून बघायला टॅबीकडे आली. मी लग्नाच्या केकसाठी मनुका निवडायला घेतल्या.

एका सकाळी बघते तर टॅबी टेबलाशी दगडासारखी बसलेली.

“काय झालं गं?”

“डॉर्कस, हे दुसरं टिंब इथे कुठून आलं?”

“मला काय विचारतेस? मी दिलंय होय?”

“तिसऱ्या प्रकरणात या अक्षरावर एकच टिंब हवं. दोन आहेत. पुढची सहाच्या सहा प्रकरणं या दोन टिंबांवर उभी आहेत.”

तिने नऊ वर्षांपूर्वी स्वतः लिहिलेला तो कागद शोधला, खिडकीपाशी नेला आणि टिंबावर नख फिरवलं. टिंब सुटून नखावर आलं. तिने ते जिभेला लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

“गोड आहे.”

अगं आई गं! मला चट्‌दिशी आठवलं. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या सप्टेंबरात चुलीवर ब्लॅकबेरीचा मुरंबा रटरटत होता, ढवळणारी मी, आणि शेजारी टॅबीचे कागद वाळत पडलेले. ते टिंब माझंच होतं! हसावं की रडावं मला कळेना. मुरंब्याचा एक शिंतोडा उडतो काय, आणि हा विद्वान त्यावर नऊ वर्षं सहा प्रकरणं रचतो काय! एकदाही मागे वळून बघितलं नाही. टिंब दिसतंय ना, मग ते बरोबरच असणार.

“डी असता तर हे झालंच नसतं,” टॅबी म्हणाली. “मुरंब्याला डी लिहिता येत नाही.”

मी तिचे दोन्ही हात धरले. “ऐक माझं. तीन आठवडे तोंड शिवून बस. लग्न होऊ दे, मग काय सांगायचं ते सांग. तो ग्रंथ वाचणार तरी कोण आहे?”

“ते चारचौघांत तोंडावर आपटतील गं.”

“आपटू देत! आपटलेला का होईना, नवरा तरी मिळेल!”

ऐकेल तर ती टॅबी कसली. कुणीतरी दुकानात विसरून गेलेलं एक फ्रेंच गणिताचं पुस्तक तिच्याकडे होतं. फ्रेंच तिला येत नव्हतं, पण डी वाचायला फ्रेंच कशाला लागतंय? दोन दिवस तिने मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पिठाच्या हातांनी मला मिठी मारली. “डॉर्कस, सुटलं! त्यांचं शेवटचं उत्तर खरंच आहे, डीने दीड पानात सुटतंय!” एवढी खूश मी तिला वचनाच्या दिवशीही पाहिली नव्हती.

आम्ही दोघी त्यांच्या खोलीवर गेलो. थर्कलांनी भिंग लावून कागद पाहिला.

“मुरंबा? अशक्य. मी या टिंबाचा अर्थ सहा प्रकरणांत लावलाय. त्यात अर्थ आहे.”

“त्यात साखर आहे, साहेब,” मी म्हटलं.

टॅबीने मला कोपर मारलं आणि दीड पान पुढे केलं. “अँब्रोज, तुमचं उत्तर बरोबर आहे. वाट फक्त दुसरी आहे. वाचा तर खरं.”

त्यांनी पहिली ओळ वाचली. डी दिसला. मेलेला उंदीर धरावा तसा त्यांनी तो कागद दोन बोटांनी उचलून टेबलाच्या कडेला ठेवला.

“टॅबिथा! हे माझ्या खोलीत?”

“दीडच पान आहे. पुढे वाचा ना.”

“गरज नाही. मी तिसऱ्या प्रकरणापासून पुन्हा सुरू करतो. शुद्ध टिंबांनी. पाच वर्षं, फार तर सात. हॅडनफेनला आजच नकार कळवतो. तू थांबशीलच.”

विचारलंसुद्धा नाही मेल्याने, सांगितलं!

टॅबीने आपला कागद उचलला, घडी घातली. “नाही थांबणार,” ती म्हणाली, आणि बाहेर पडताना दार हळूच लोटून घेतलं.

जिन्यात माझा संयम सुटला. “सांगत होते की नाही? गप्प बसली असतीस तर महिन्यात पाद्रीणबाई झाली असतीस! एवढ्या वर्षांची माती केलीस!”

ती पायरीवर थांबली. “मुरंब्याच्या थेंबावर त्यांनी नऊ वर्षं विश्वास ठेवला, डॉर्कस. माझं दीड पान नाही वाचलं.”

घरी आल्यावर मी केकच्या मनुका बनमध्ये घातल्या.

त्याला आता बारा वर्षं झाली. परीक्षेच्या प्रश्नांत हल्ली सर्रास डी छापून येतो, कुणाचंही नाक गळून पडलेलं नाही. थर्कल अजून कॉलेजातल्या त्याच खोलीत आहेत, तिसऱ्या प्रकरणात. टॅबी दुकान बघते. तो कागद पिवळ्या चादरींच्या खाली पेटीत आहे. कुठेतरी पाठव म्हणून मी तिच्या डोक्याशी कटकट केली, तर म्हणाली, “पाववालीचं कोण वाचणार?” खोटं थोडंच होतं ते?

परवा एक विद्यार्थी बन घ्यायला आला. हातात पॅरिसहून आलेलं नवं कोरं पुस्तक. “मिस टॅबिथा, हे बघा,” तो म्हणाला. “हे आजवर कुणालाच जमलं नव्हतं.” तिने एप्रनला हात पुसले आणि ते उभ्या उभ्या वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. खाली कुणा फ्रेंच माणसाचं नाव होतं. मी तिच्याकडे बघूसुद्धा शकले नाही.

“यांना तीन पानं लागली,” टॅबी म्हणाली, आणि तिने त्याला बन बांधून दिला.