सुई उचलली तरी खरखर चालूच

मंडळी, घाईत लिहितोय, टायपिंग सांभाळून घ्या.

तुम्हाला माहीतच आहे, मी एकाच ब्लूज रॉक अल्बमच्या देशोदेशी छापलेल्या एलपी रेकॉर्ड जमवतो. आज नववी आली. आळे गावात आमचं घर उसाच्या शेताला लागून आहे. दिवस मावळताना खिडकीजवळ बसून ती लावली.

पहिली बाजू संपत आली तशी खरखर ऐकू आली, करवतीनं लाकूड कापल्यासारखी. वाटलं, फसलो राव, घासलेली रेकॉर्ड दिली. मी सुई उचलली.

खरखर चालूच.

तेवढ्यात गोठ्यातून आई ओरडली, "आरं, बंद कर ना ते. म्हस लई बिचकलीय."

बंदच होतं. बिबट्या असाच करवतीसारखा आवाज काढतो. तो खिडकीसमोरच्या उसात होता आणि आई गोठ्यात एकटी.

सुई तशीच रेकॉर्डवर टाकली, आवाज पूर्ण वाढवला. गिटार दणाणली आणि उसाचे शेंडे लांबपर्यंत हलत गेले. मग पळत जाऊन आईला घरात आणलं.

रेकॉर्डवर मोठा चरा पडलाय, पडू दे. पण दुसरी बाजू लावायची तर आधी ही थांबवावी लागेल. चऱ्यात सुई अडकून मघापासून तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतोय. थांबवली आणि बाहेर खरखर चालूच असली तर? तुम्ही असता तर थांबवली असती का?