सासरच्या घराण्याचा राग

माझ्या सासरी राग दागिन्यासारखा मिरवत. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या, आमच्या घराण्यात माणसं तापटच, रक्तातच आहे ते. मीठ कमी पडलं की नवऱ्यानं ताट भिरकावायचं, मी भिंत पुसायची आणि सासूबाईंनी म्हणायचं, अगदी बापावर गेला!

कापसाला कुत्रं विचारत नव्हतं, त्या वर्षांतली गोष्ट. दिग्रसला दवाखान्यात जायचं होतं, म्हणून मी नवऱ्याबरोबर कापसाच्या गाडीतूनच गेले. बाजारात व्यापाऱ्यानं मूठभर कापूस उपसला, पिवळा आहे म्हणत मातीत टाकला, आणि असला माल आणायला लाज नाही वाटत का, असं चारचौघांत नवऱ्याला विचारलं. मी पदर सावरून बसले. म्हटलं, आता उसळतं घराण्याचं रक्त. कुठलं काय! नवरा हसला, हात जोडले, म्हणाला, "तुमी म्हणान तसं, शेठ." मोठं हुशार रक्त हो! समोर कोण आहे ते पाहून तापायचं.

घरी आल्यावर तापलं. वरण पातळ झालं म्हणे. ताट भिंतीवर. मी फडकं घेऊन वाकले, तोच माझ्या लहानग्यानं आपली ताटली माझ्या पायाशी फेकली, आणि जमलं का म्हणून बापाकडे पाहिलं. सासूबाईंना कोण आनंद! "पाह्य, आज्यावर गेलं पोट्टं. रक्त कुठी जाईन?" नवराही मिशीत हसला. मी मात्र पोराकडे पाहिलं. उद्या हा असाच कोणाच्या तरी लेकीपुढं ताट फेकणार, आणि तीही अशीच वाकणार.

मी फडकं खाली टाकलं. माझं वाढलेलं ताट उचललं आणि नवऱ्याच्या मागच्या भिंतीवर हाणलं. जिवाला असं बरं वाटलं म्हणून सांगू!

माझ्या माहेरी कोणी आवाज चढवून बोलत नाही, हे सासूबाईंना पक्कं ठाऊक. त्यांना खरंच कोडं पडलं.

"तुह्या रक्तात तर हे नव्हतं. कुठून आलं?"

"नव्हतंच जी. पन इतके वर्षं तुमच्याच घरी राहून राह्यली न मी."

फडकं मी उचललं नाही. बऱ्याच वेळानं नवरा उठला आणि भिंत पुसायला लागला. पोरगं त्याच्याकडे टक लावून पाहत होतं. मग तेही उठलं, आपली ताटली उचलून मोरीत ठेवून आलं.