न बघता बोललेली पावणी

साल अठ्ठ्याऐंशी. मला तेव्हा चोपन्न वर्षं. आदल्या वर्षी गोवा राज्य झालं होतं आणि आमच्या पार्से गावच्या तिठ्यावर चहा पिणारा प्रत्येक माणूस स्वतःला अर्धा मंत्री समजत होता. मराठी की कोंकणी यावर सकाळी भांडायचे आणि संध्याकाळी दोन्ही भाषा कालवून एकमेकांकडे तंबाखू मागायचे. मी त्या भांडणात नसायचो. माझं भांडण घरात होतं. नातीचं नाव कुठल्या शाळेत घालायचं, हे ते भांडण.

माझी स्वतःची शाळा दोन वर्षांची. पोर्तुगीजांचं राज्य, देवळाच्या चौकीत मराठी शाळा, एकच मास्तर. दुसरीत असताना मास्तरांनी विचारलं, एका माडाला बारा नारळ, तर पाच माडांना किती? मी म्हटलं, त्यात वांझ माड एकपण नाही काय? मास्तरांनी कानाखाली वाजवली. मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो तो परत गेलो नाही. वडिलांनी समजावलं, आईनं रडून बघितलं. मी हट्टी. लिहायला-वाचायला नंतर शिकलो, काजूच्या भट्टीवर बसून, जुन्या वर्तमानपत्रांवर. म्हणून माझं अक्षर असं धूर लागल्यासारखं आहे.

पण काजूच्या डोंगराचं मला विचारा. आमच्याकडे दरसाल काजूच्या डोंगरांची पावणी होते, म्हणजे बोली लागते. जो जास्त बोलेल, त्या हंगामाचा डोंगर त्याचा. लोक मोहर बघून बोलतात आणि पस्तावतात. मी बोलायच्या आधी तीन वेळा जातो, कुणाला न सांगता. रस्त्याकडची झाडं बघत नाही. ती नेहमीच बरी दिसतात, त्यांना माणसांचा शेजार असतो. मी सरळ आत जातो, हद्दीवरच्या शेवटच्या झाडापाशी. ते झाड बरं असलं तर डोंगर बरा. आणि वर बघायचं नाही, खाली बघायचं, मोहर किती झडलाय ते. वीस वर्षांत माझा डोंगर एकदाही फसला नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ज्याला नव्हतं त्याला मी सांगत असे.

तर माझा मुलगा सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचा, आठवड्यानं घरी यायचा. मार्चमध्ये तो एका नव्या खाजगी शाळेचा फॉर्म घेऊन आला. शाळा शहरात, गळ्यात टाय, न्यायला गाडी तिठ्यावर येणार. सून म्हणाली, "गावची सरकारी शाळा काय वाईट आहे? पाच मिनिटांवर आहे." सून सर्वण गावची, सातवी झालेली, हळू बोलणारी. मुलगा म्हणाला, "सरकारी ती सरकारी." दोघं माझ्याकडे बघायला लागले.

मी तंबाखू मळत बसलो. बोललो ते दुसऱ्या दिवशी तिठ्यावर, चहाच्या हॉटेलात, बांकावर माणसं भरलेली असताना. म्हटलं, "सरकारी शाळेत माझी नात? मी माझी बकरी पाठवणार नाही तिथं." लोक हसले. मला बरं वाटलं.

घरी पोचायच्या आधी ते वाक्य घरी पोचलं होतं. बायको विळीवर नारळ खवत होती. तिनं मान वर केली नाही.

"ओ, बकरी शिकवचा सोडून दिलात म्हणे तुमी?"

"बोललो ते बोललो."

"बोललात ते आयकलय. त्या शाळेत कधी गेलात?"

"सरकारी शाळा बघायची काय गरज?"

"डोंगर घेताना तुमी तीन खेपो मारतात," ती म्हणाली, "आणि नातीची पावणी न बघता बोललात."

असं मला कुणी कधी बोललं नव्हतं. तिचंच खरं होतं, म्हणून जास्त लागलं. जेवण करून उठलो तेव्हा ठरलं होतं: दोन्ही डोंगर बघायचे.

आधी शहरातली शाळा बघितली. सुरेख होती, खोटं कशाला बोलू? फाटक रंगवलेलं, आत झोपाळा, ऑफिसात डोक्यावर पंखा. तिथल्या माणसानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, "मला शेवटचा वर्ग दाखवा. त्यातला शेवटचा बांक." तो म्हणाला, "पालकांना ऑफिसच्या पुढे जाता येत नाही." मी म्हटलं, "म्हणजे रस्त्याकडची झाडं बघून जायचं?" त्याला काही कळलं नाही. पाणी पिऊन, आभार मानून आलो. शाळा वाईट होती असं मी म्हणत नाही. मला बघायला मिळाली नाही, एवढंच.

मग गावची. पहिल्या खेपेला सकाळी लांबूनच बघितली. नळ्यांचं छप्पर, दोन खोल्या, दोन बाई, चार वर्ग. मागच्या बाजूला कुंपण आणि कुंपणापलीकडे त्या वर्षी मी घेतलेला काजूचा डोंगर. आवारात कचरा नव्हता. पायरीवर चपला ओळीत होत्या. बरं, म्हटलं.

दुसऱ्या खेपेला दोनेक दिवसांनी मागच्या बाजूनं गेलो, डोंगरातून, कुंपणाच्या फटीतून. जनेलातून आत डोकावलो तर खोली रिकामी. मुलं सगळी मागच्या काजूच्या झाडाखाली बसलेली, मधे धाकट्या बाई, आणि प्रत्येक मुलापुढे काजूच्या बियांचा ढीग.

माझं डोकं फिरलं. आमच्याकडे हंगामात दुसऱ्यानं घेतलेल्या डोंगरातली पडलेली बी उचलणं म्हणजे काय, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. हंगाम संपला, डोंगर मोकळा झाला, की मग पोरं खुशाल वेचतात. त्याआधी नाही. आणि इथं चक्क बाई पोरांना बसवून माझ्या बिया निवडून घेत होत्या.

मी सरळ त्यांच्यात शिरलो. "बाई, ही शाळा आहे की वखार?"

बाई उठल्या. पंचविशीच्या असतील, पदर खोचलेला, हाताला बियांचा डाग. "या काका. बसा."

"बसायला आलो नाही. ह्या बिया माझ्या."

"हो, तुमच्याच," त्या शांतपणे म्हणाल्या. "आम्ही पाढे करतो ह्यांच्यावर. संपले की पोत्यात भरून ठेवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोतं परत देणार असं काकींना सांगितलंय."

"कुठल्या काकींना?"

बाईंनी पोतं दाखवलं. कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके. माझ्या घरच्या पोत्यांना ते टाके माझी बायको घालते, दुसऱ्यांच्यात मिसळू नयेत म्हणून. मी त्या टाक्यांकडे बघत राहिलो. एक मुलगा हळूच हसला. त्याचं बघून दुसरा हसला.

मग मी बसलो. दुसरं काय करणार? खाली मातीतच बसलो. आता आलोच आहे तर शेवटचं झाड बघून जावं, म्हणून नजर फिरवली. सगळ्यांत मागे, कुंपणाला टेकून एक मुलगी बसली होती. आठेक वर्षांची, केस तेल नसलेले. मी ओळखलं तिला. सावंतवाडीकडून हंगामाला आलेलं एक जोडपं माझ्याच डोंगरात बोंडू, म्हणजे काजूची फळं, मळायला होतं, त्यांची पोर.

"ही इथं कशी?" मी विचारलं.

"पटावर नाव नाही तिचं," बाई म्हणाल्या. "जूनमध्ये गावी परत जाईल. पण तोवर रोज कुंपणातून बघत राहणार, त्यापेक्षा बसू दे म्हटलं."

मी त्या मुलीपाशी गेलो. म्हटलं, "सांग बघू. एका झाडाखाली सात बिया. नऊ झाडांखाली किती?"

तिनं बिया पुढे ओढल्या. सात सातचे ढीग मांडले, नऊ वेळा. ओठ हलत होते. मी घाई केली नाही.

"त्रेसष्ट," ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे असं बघितलं, जसं पावणीत नवख्या माणसाकडे आम्ही बघतो. "पण आजोबा, नव झाडांखाली सारकेच सात कशे पडतले?"

मी बाईंकडे बघितलं. खरं सांगतो, माझा हात आपोआप कानाकडे गेला. मला वाटलं, आता वाजणार.

बाई हसत होत्या. "रोज मला असंच छळते ही."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? बरोबर असतं तिचं." आणि मुलीला म्हणाल्या, "मग तूच सांग, कसे पडतील?"

मुलीनं ढीग मोडले आणि परत मांडले. एकाखाली बारा, एकाखाली तीन, एकाखाली काहीच नाही. "ह्या झाडार माकड येता," ती म्हणाली. सगळी मुलं आपापली झाडं सांगायला लागली. कुणाच्या झाडाखाली पाणी जातं, कुणाचं म्हातारं झालं. बाई फळ्याच्या तुकड्यावर एकेक आकडा लिहीत होत्या आणि मुलं बेरीज ओरडत होती. मी पण एक झाड सांगितलं. माझी बेरीज चुकली. सगळ्यांत आधी ती कुंपणाजवळची मुलगीच हसली.

तिसऱ्या खेपेला मी गेलोच नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

त्या संध्याकाळी मुलगा खाणीवरून आला. फॉर्म खिशातून काढून म्हणाला, "बाबा, उद्या शेवटचा दिवस."

"फॉर्म परत कर," मी म्हटलं. "नात गावच्या शाळेत जाईल."

तो म्हणाला, "तुमीच तिठ्यावर बोललात ना? लोक काय म्हणतले?"

"म्हणू देत."

"आणि टाय?"

"टाय लावून ट्रक चालवतोस काय तू?"

सून भाकरी थापत होती, तिचा हात थांबला आणि परत चालू झाला, जरा जोरात. मी बायकोला विचारलं, "बिया दिल्यास ते सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "तुमी इचारलात कधी?" वर आणखी म्हणाली, "उद्या मागच्या वाटेन घेवन जावा तिका. कोण बघूचा नाय."

तेवढं मात्र मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाव घालायला जायचं म्हणून नातीला नवा फ्रॉक घातला, डोक्यावर भरलेलं एक पोतं घेतलं, कारण जुन्यातल्या बिया चाळीस मुलांना पुरत नव्हत्या, आणि मागची वाट सोडून तिठ्यावरून निघालो. हॉटेलात बांक भरलेला होता. पोतं खाली ठेवलं, चहा मागितला, नातीला पाववाल्या पदेराकडचा गरम उंडो घेऊन दिला.

हॉटेलवाल्यानं पोत्याकडे बघितलं, नातीकडे बघितलं. "भाऊ, शाळेत काय? मगे बकरी खंय?"

"नेली होती आधी," मी म्हटलं. "बाईंनी परीक्षा घेतली. नापास झाली."

सगळा बांक हसला. मीही हसलो, मग चहा संपवून पोतं डोक्यावर घेतलं. नातीनं उंड्याचा अर्धा तुकडा माझ्या हातात कोंबला, आणि आम्ही दोघं खात खात शाळेकडे गेलो.