चौदा सुरुंग

अणुवीज केंद्रापासून तीन कोसांवर टेकडीच्या पोटात एक खोली आहे. तिथे फिरत्या कागदावर सुई जमिनीचा प्रत्येक हादरा उमटवते, आणि आपला नोंदवाला गेली सव्वीस वर्षं ते हादरे वहीत उतरवतो. केंद्र भूकंपात तगेल का, याची गणितं मोठमोठ्या पदव्यांची माणसं करतात; पण आकडे याच्या वहीतले. याचा त्याला ताठा होता, आणि का नसावा?

शेजारी दगडाची खाण. सुरुंग उडवण्याआधी तिथून फोन यायचा, मग तो धक्का वहीत ‘सुरुंग’ म्हणून बाजूला पडायचा. पुढे फोनची तार तुटली ती तुटलीच. अर्ज करकरून हा थकला. दिवसाउजेडी आलेला बारीक धक्का म्हणजे सुरुंग, असं हाताला वळणच पडलं.

एका दुपारी खाणीत कामाला असलेला मेहुणा खोलीला लागूनच असलेल्या त्याच्या घरी जेवायला आला होता. पेल्यातलं पाणी थरथरलं.

“उडाला तुमचा सुरुंग,” नोंदवाला म्हणाला.

“दाजी, सुरुंग लावणारा मी. मी इथे घास चावतोय, मग लावला कोणी?”

“तुला आज सुट्टी असेल, लावला असेल दुसऱ्यानं.”

“चार महिने झाले, दगड यंत्रानं कापतात. मी नुसता त्यावर पाणी मारतो.”

“मला सांगायचं नाही?”

“तुम्ही कधी विचारलंत?”

“घ्या,” बायको म्हणाली, “जमिनीच्या पोटातलं कळतं, मेहुण्याचं काम बदललेलं कळत नाही.”

नोंदवाला हसला नाही. हात धुऊन त्याने वही उघडली. चार महिन्यांत चौदा धक्के, आणि प्रत्येकापुढे त्याच्याच अक्षरात ‘सुरुंग’. केंद्र आणखी वीस वर्षं चालवायचा अहवाल उद्या वर जाणार होता, याच वहीच्या भरवशावर.

पत्र लिहून तो तसाच केंद्रातल्या साहेबांकडे गेला.

“अहो, चौदा बारक्या धक्क्यांनी काय होतं?” साहेब म्हणाले.

“ते तुम्ही ठरवा. पण ते सुरुंग नव्हते.”

“चूक तुमच्या नावावर निघेल.”

“माझीच आहे. हे पत्र घ्या, पोच द्या.”

साहेबांनी पत्र घेतलं, पोचेचं नाव काढलं नाही. हा बाहेर बाकावर बसला. कारकून दोनदा म्हणाला, उद्या या. हा दोनदा म्हणाला, बसतो. पाचला दहा कमी असताना कारकुनाला घरची ओढ लागली आणि शिक्का पडला.

गुडघे धरत तो टेकडी चढला. चौदाही ठिकाणी ‘सुरुंग’ खोडून त्याने वर ‘कारण माहीत नाही’ लिहिलं. मग पंधरावा, आजचा. त्यापुढेही तेच.