साखरखेर्ड्याच्या गच्चीवर समुद्राचं मीठ

असे अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. माझं कामच मोजण्याचं आहे, त्यामुळे कुणी "जाणवलं" म्हणालं की माझं डोकं फिरतं. माझ्या बाबतीत घोळ असा झाला की जे घडलं ते मला व्यवस्थित मोजता आलं… आणि तरीही कळलं नाही.

मी हवेतल्या समुद्री मिठावर पीएचडी करतेय. लाटा फुटल्या की तुषार उडतात, पाणी सुकतं, मिठाचे बारीक कण हवेत राहतात आणि उजेड विखुरतात. आमचं यंत्र हवा आत ओढतं, तिच्यावर प्रकाश टाकतं आणि तो किती विखुरला ते मोजतं. तेही दोनदा. एकदा हवा कोरडी करून, एकदा ओलसर करून. मीठ ओलाव्याने फुगतं, त्यामुळे दुसरा आकडा पहिल्याच्या दुप्पट-तिप्पट येतो. धूळ फुगत नाही. तिचे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे.

कोकणातलं काम झालं होतं. तुलनेसाठी मीठ नसलेली हवा हवी होती. मी गाइड सरांना आमचं गाव सुचवलं… साखरखेर्डा, सिंदखेड राजा तालुका. समुद्रापासून एवढं लांब, वर ऐन उन्हाळा. गच्चीवर यंत्र लावलं. घरात आई, पप्पा आणि पप्पांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा. मोठेबाबा तरुणपणी मालवाहू जहाजावर खलाशी होते. एकदा अचानक परत आले ते पुन्हा गेलेच नाहीत. का, ते कुणाला सांगितलं नाही.

पहिल्याच दिवसापासून यंत्र मीठ दाखवायला लागलं. थोडंथोडकं नाही, कोकणात दाखवायचं तेवढं!

मी नळ्या धुतल्या, बदलल्या. ओलाव्यासाठीचं पाणी बदललं. यंत्राच्या तोंडाला फिल्टर लावून पाहिलं तर आकडा शून्य, म्हणजे यंत्र ठीक. फिल्टर काढला की पुन्हा मीठ. सर फोनवर म्हणाले, कोकणातून आणल्यावर नीट साफ केलं नसशील. मी तेच तेच सांगून थकले. शेजारपाजारचे म्हणाले, लोणारचं सरोवर जवळच आहे ना, तिथलंच आलं असेल. पण लोणारच्या पाण्यात सोडा जास्त. त्याची घडण वेगळी. मग सरांना कळलं की मोठेबाबांना दमा आहे आणि ते सलाइनचं, म्हणजे मिठाच्या पाण्याचं औषध टाकून नेब्युलायझर घेतात. झालं! सर जवळपास ओरडलेच. मलाही पटलं, खरं सांगायचं तर हायसं वाटलं.

यंत्र उचलून गावाबाहेर आमच्या मळ्यात नेलं. मोटरच्या खोलीतून लाइट घेतली. दोन्ही आकडे एकमेकांना चिकटून चालू लागले. नुसती धूळ. इतके दिवस फुकट गेले म्हणून रडू येत होतं, पण निदान कारण सापडलं होतं.

दुपारी पप्पा गाडीवर डबा घेऊन आले. मागे मोठेबाबा बसले होते. घरात करमत नाही म्हणून आले म्हणाले. ते येऊन लिंबाखाली टेकले आणि लॅपटॉपवरची ओल्या हवेची रेष वर चढायला लागली.

गाडीच्या धुराने असं होत नाही. नेब्युलायझर घरी होतं. मी काहीतरी निमित्त काढून त्यांना विहिरीपलीकडे पाठवलं. रेष खाली आली. परत बोलावलं. रेष वर.

ते माझ्याकडे बघत होते. "काय मोजून राह्यली वं पोरी?"

मी सांगितलं, समुद्राचं मीठ. आणि उद्यापासून रोज थोडा वेळ यंत्राजवळ बसाल का, म्हणूनही विचारलं. मला तेव्हा फक्त पुरावा दिसत होता.

मोठेबाबांचा चेहरा उतरला. ते उठून यंत्रापासून लांब सरकले. मग म्हणाले, "मी तिथून सुटून आलो होतो. तू हे कोणाले सांगू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते हिवरा आश्रम या गावी त्यांच्या मुलीकडे राहायला निघून गेले. आईने खूप आग्रह केला, पण ऐकलं नाही. मी यंत्र परत गच्चीवर लावलं. मीठ नाही. महिनाभर नाही! सर खूश झाले. पहिले सगळे आकडे काढून टाक, चूक म्हणून लिही, म्हणाले. मी म्हटलं, चूक कोणती ते सांगा, मग लिहिते. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं.

मीठ दिसत होतं त्या दिवसांत हवेतले कण धरायला गच्चीवर वेगळे फिल्टरही लावले होते, ते मी आधीच तपासायला पाठवले होते. त्यांच्यावर नुसते क्रमांक होते, गावाचं नाव नव्हतं. प्रयोगशाळेतल्या मॅडमचा फोन आला. त्यांनी विचारलं, "कुठल्या किनाऱ्यावरचे आहेत हे?" मी म्हटलं, का? त्या म्हणाल्या, मीठ वाऱ्याबरोबर लांब आलं की वाटेत हवेतल्या आम्लांमुळे त्यातलं क्लोराइड कमी होतं. यात पुरेपूर आहे. बाकीच्या क्षारांचं प्रमाणही समुद्राच्या पाण्याचंच. म्हणजे नेब्युलायझरही गेलं, लोणारही गेलं. "ताजं आहे हे. लाटेतून उडून फार वेळ झालेला नाही."

मी मोठेबाबांना फोन लावला. सांगावं की नाही कळत नव्हतं, पण सांगितलं.



"म्हणजे आजूक मागं येऊनच राह्यलं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर ते या विषयावर माझ्याशी कधी बोलले नाहीत.

प्रबंधात ते दिवस मी गाळलेले नाहीत. त्यांच्यापुढे "कारण अज्ञात" लिहिलंय, आणि सरांची सही अजून झालेली नाही. कुणाला काही सुचत असेल तर सांगा. फक्त कृपा करून यंत्र नीट धुतलं होतं का, हे विचारू नका.