हिरव्या टोप्यांची संध्याकाळ

आयरिश फिडल, म्हणजे तिकडच्या लोकसंगीतातलं व्हायोलिन, समोर बसून ऐकायचं म्हणून मी अख्खं चेन्नई पालथं घातलं. शेवटी एका हॉटेलात आयरिश संगीताची ‘केल्टिक नाइट’ सापडली. शोळिंगनल्लूरच्या घरून दीड तास बसमध्ये उभा राहून गेलो, तर काय, हिरव्या टोप्या, बिअर आणि तमिळ सिनेमाची गाणी! चरफडत घरी आलो. मुलगी व्हायोलिनवर मैलापूरच्या कर्नाटक संगीताच्या बाईंनी दिलेला तोच तो धडा संथपणे घासत होती.

“बंद कर ते!” रोजच्यासारखाच खेकसलो आणि फोनवर माझी आवडती आयरिश चाल लावली.

ती कान देऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, “बाबा, हाच तर माझा धडा आहे. बाई म्हणतात, ही चाल इंग्रजांच्या बँडकडून आपल्या संगीतात आली.”

महिनाभर जे शोधत मी गावभर फिरलो, ते रोज घरी बंद करायला लावत होतो.