मधी कुठं थांबला?

कोणीही दारात आलं की ते आधी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ पाहत, मग माणसाकडे. "मधी कुठं थांबला?" हाच त्यांचा नमस्कार.

केडगावात ते माझे शेजारी. नगरच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांनी हयात काढली. गाडी आली की वेळ लिहायची, उशीर असला की कारण विचारायचं. वार्ताहर म्हणून माझी तिथे रोजची फेरी असे. एकदा एक ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, कोल्हारच्या पुलावर लई ट्रॅफिक हुतं." यांनी त्याच्या मिशीकडे पाहिलं. "पुलावर मिसळ वाटत हुते व्हय?" वहीत कारण पडलं: खाणे.

निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, वही सुटली नाही. दूधवाल्याच्याही वेळा तीत होत्या. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल.

त्यांची एकुलती मुलगी ठरत आलेलं लग्न मोडून लंडनला गेली होती. तीन वर्षांनी प्रथमच दहा दिवसांसाठी येणार होती. तिने पाठवलेलं तिकीट घेऊन ते माझ्याकडे आले.

"लंडनहून रात्री नऊला सुटणार, मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला. साडेचौदा तास. माघारी मुंबईहून दुपारी दोनला, लंडनला सांजच्याला साडेसहाला. साडेचार. अंतर बघा बरं."

मी मोबाईलवर पाहिलं. सुमारे सात हजार दोनशे किलोमीटर, दोन्ही बाजूंनी तेवढंच.

"मग यायलाच दहा तास जादा कसे? थांबती कुठं ती?" आवाज खाली आला. "जायची घाई हाय, पत्रकार. घरी यायचं जीवावर येतंय. मी काय घ्यायला जानार न्हाई."

लंडनचं घड्याळ या दिवसांत आपल्यामागे साडेपाच तास असतं, हे मी कागदावर मांडून दाखवलं. खरा प्रवास येताना नऊ तासांचा, जाताना दहाचा. त्यांनी नऊ आणि दहा या आकड्यांवर बोट ठेवलं.

"आन् हा एक तास?"

"वारा. येताना पाठीमागून, जाताना समोरून."

"वाऱ्याचं कारण माज्या वहीत चाललं नसतं. तुमी तिच्याच बाजूचे."

तरी ठरल्या दिवशी पहाटे जीप दारात उभी होती. "खात्री करायला चाललोय," ते म्हणाले. वही खिशात होती. मलाही साक्षीदार म्हणून बसवलं.

विमानतळावर मुलगी बाहेर आली तेव्हा साडेबारा झाले होते. ती पाया पडायला वाकली. यांनी आशीर्वाद दिला नाही, तिचं मनगट धरलं. तिचं घड्याळ अजून लंडनचंच होतं. सकाळचे सात. त्यांनी बोटांवर मोजलं.

"विमान टेकून तास झाला. म्हंजे सहा. नवाला निघालीस."

"हो, आबा."

"नऊच तास. थेट आलीस."

"मग? मधे कुठे उतरणार होते?"

त्यांनी तिची बॅग कोणाला उचलू दिली नाही. परतीच्या वाटेवर त्यांनी जीप चहासाठी थांबवली, वडापावसाठी थांबवली, उसाच्या रसासाठी थांबवली. घरी पोचायला अडीच तास उशीर झाला. वहीत त्याची नोंद नाही.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. फोन गेला, तशी मुलगी निघाली. तरी अंत्यविधी तिला गाठता आला नाही. पोचली तेव्हा मी दारातच उभा होतो. मी काही विचारलं नव्हतं.

तिने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग आतल्या रिकाम्या खुर्चीकडे.

"काका," ती म्हणाली, "मधे कुठेच थांबले नाही."